भैरवनाथ सर आहेत का?

फोन आला तेव्हा सिदरा तांबोळी भाड्याच्या खोल्यांच्या पत्र्यावर उभी होती. एका हातात वायर, दुसऱ्यात पक्कड, त्यामुळे फोन खांद्यानं कानाशी दाबलेला.

"नमस्कार. भैरवनाथ सर आहेत का?"

"आहेत," सिदरा म्हणाली.

"जरा देता का त्यांना?"

"ते बोलत नाहीत."

"मीटिंगमध्ये आहेत का?"

सिदरानं पत्र्यावरून देवळाकडं बघितलं. आरती चालू होती. चांगली पंधरावीस माणसं समोर उभी होती. "हो, तसंच."

"मग साधारण कधी बोलतील?"

"तसं सांगता येत नाही. बहात्तरच्या दुष्काळात एकदा बोलले होते म्हणतात."

पलीकडच्या माणसानं काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. त्यानं काय टाइप केलं ते सिदराला पुढं कोर्टाच्या कागदांत वाचायला मिळालं: 'प्रतिवादी जाणीवपूर्वक संपर्क टाळत आहे.'

आता हा घोटाळा समजायचा तर महाळुंग्याची रीत सांगायला हवी. महाळुंग्यात आधी कंपन्या आल्या, कंपन्यांमागून कामगार आले, कामगारांमागून खोल्या उभ्या राहिल्या आणि खोल्यांमागून नेट आलं. हे नेट पुरवायचं काम तांबोळींच्या घरात. सिदराचे अब्बा, रहिमान तांबोळी, यांनी डिशच्या छत्रीच्या जमान्यापासून गावावर केबल ओढली. गुडघे गेले तशी शिडी सिदराकडं आली. शिडीच फक्त. धंदा अजून अब्बांचाच, असं अब्बांचं म्हणणं.

या धंद्याचे दोन कायदे अब्बांनी घालून दिलेले. पहिला, ज्याच्या छतावरून आपली वायर जाईल त्याला नेट फुकट. दुसरा, शिडीवर चढल्यावर कुणाच्या खिडकीत बघायचं नाही. पहिल्या कायद्यानं धंदा वाढला. दुसऱ्यानं टिकला. गावात कुणाच्याही माळवदावर, न विचारता, भर दुपारी चढायची मुभा मांजरांना होती आणि तांबोळ्यांना.

पहिल्या कायद्याप्रमाणं भैरवनाथालाही नेट फुकट होतं, कारण तीनशे खोल्यांची मुख्य पेटी देवळात, घंटेच्या मागं बसवली होती. गावाची वीज जाते; देवाची जात नाही. शहरातल्या मोठ्या इंटरनेट कंपनीचा माणूस जोडणी द्यायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "लाइट बिल कुणाच्या नावावर आहे?" दत्तोबा गुरवांनी बिल आणून दिलं. त्यावर छापलं होतं, श्री. भैरवनाथ महाराज, मु. पो. महाळुंगे. माणसानं तेच नाव टाइप केलं आणि जन्मतारीख विचारली.

"चैत्र वद्य अष्टमी," दत्तोबा म्हणाले.

"साल?"

"साल तवा निघालं नव्हतं."

माणसाला पुढं आणखी तीन जोडण्या द्यायच्या होत्या. त्यानं एक जानेवारी टाकून दिली, आणि मोबाइल नंबर सिदराचा.

तेव्हापासून तीनशे खोल्या जगाशी बोलत त्या भैरवनाथाच्या नावानं. कुणी पोराची फी भरो, कुणी बीडला व्हिडिओ कॉल लावो, बाहेरून बघणाऱ्याला एकच माणूस दिसायचा: कधी झोपत नाही, एकाच वेळी कीर्तन, कुस्ती आणि भोजपुरी गाणी ऐकतो, आणि इतकी वर्षं स्वतःच्या मालकीचं देऊळ असूनही सारखा नोकरी शोधतो.

अशा या माणसानं 'ज्वालामुखी जनार्दन' नावाचा सिनेमा चोरून उतरवून घेतला आणि इतरांना वाटला, असा आरोप होता.

"वाटला म्हंजे?" दत्तोबांनी विचारलं. "परसादासारखा?"

"तसाच," सिदरा म्हणाली.

'ज्वालामुखी जनार्दन' चाकणच्या थिएटरात दोन दिवस लागला होता. पहिल्या दिवशी आत गेलेली माणसं दुसऱ्या दिवशी रस्त्यात उभी राहून इतरांना अडवत होती. निर्मात्याचे पैसे बुडाले. मग त्याला कुणीतरी सांगितलं, की तिकिटं काढणाऱ्यांपेक्षा न काढणारे जास्त असतात, वसुली तिथून करावी. चिंचवडला एका मिठाईच्या दुकानावर 'हक्करक्षक असोसिएट्स' नावाचं ऑफिस होतं. ते हेच काम करत. नेटवर कुठल्या जोडणीवरून सिनेमा उतरला ते शोधायचं, जोडणीच्या मालकाला नोटीस पाठवायची.

नोटिशीत सरळ पर्याय दिला होता. ही जोडणी जे जे वापरतात त्या सगळ्यांची नावं, मोबाइल नंबर आणि खोली नंबर द्या, म्हणजे आपलं नाव आम्ही वगळू. मग त्या प्रत्येकाला पत्र जाईल, आणि सोबत सगळ्यांची यादी जोडलेली असेल, म्हणजे शेजारी कोण कोण आहे तेही प्रत्येकाला कळावं आणि लाजेकाजेस्तव तडजोड लवकर व्हावी.

सिनेमा बघणारा एक. घाबरणारे तीनशे. हिशोब वाईट नव्हता.

सिदरानं फोनवरच सांगितलं, "कोर्टाचा हुकूम असेल तर दाखवा. तुमच्या पत्रावर मी नावं देणार नाही."

"मॅडम, हे पत्र वकिलांचं आहे."

"वकिलांना सांगा, तांबोळीबाईंचं उत्तर तांबोळीबाईंचं आहे."

फोनवरच्या माणसाचं नाव निरंजन. तो दर दोन दिवसांनी फोन करायचा आणि दर वेळी आधी भैरवनाथ सरांची चौकशी करायचा. सिदरानं त्याला स्वच्छ मराठीत तीनदा सांगितलं, की ते देव आहेत. निरंजन म्हणायचा, "असतील मॅडम, पण माझ्या सिस्टिममध्ये श्री, श्रीमती आणि कुमारी एवढंच येतं."

बातमी पत्र्यांवरून पत्र्यांवर गेली. खोलीखोलीत एकच चर्चा, पिक्चर बघितला कुणी? पेटीतल्या मशीनमध्ये नोंद राहते. सिदरानं काढून बघितली असती तर कळलं असतं. ती बघत नव्हती. तिच्या दृष्टीनं ती खिडकीच होती.

त्या आठवड्यात दिपाली आली. दिपाली गाड्यांच्या वायरिंग हार्नेसच्या कंपनीत कामाला, मूळची परभणीकडची, कोंडीरामकाकांच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहायची. शिफ्ट सुटल्यावर तशीच आली, गळ्यात कंपनीचं कार्ड.

"ताई, यादी द्यायलेत म्हणं तुमी."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणायलेत." ती शिडीची पायरी धरून उभी राहिली. "मी तो पिक्चर बघितला न्हाई. मला येळ कुठंय. पण यादीत माझं नाव आन खोली नंबर आला ना, त्याच्याकडं दोन दिवसांत पोचंल. त्याचा भाऊ इकडंच कुरुळीला लेबर पुरवतो. त्यानं मागच्या खेपी मला जित्ती सोडली ती शेजाऱ्यानं दार तोडलं म्हणून."

'तो' म्हणजे नवरा. सिदराला ते माहीत होतं. जोडणी देताना दिपालीनं विचारलं होतं, पत्ता कुठं कुठं लिहिता, कोण कोण बघतं. सिदरानं सांगितलं होतं, मी सोडून कुणी नाही. असं आपण रोज दहा जणांना सांगतो, आणि एखाद्या दिवशी ते खरं करायची पाळी येते.

"दिपाली, यादी जाणार नाही."

"आन पोलिस आले तर?"

"आले तर मला नेतील. मला न्यायचं तर शिडीपण न्यावी लागेल. त्यांच्या गाडीत बसत नाही ती."

दिपाली हसली नाही. पण शिडीची पायरी तिनं सोडली.

मग आले कोंडीरामकाका. कोंडीरामकाका देवस्थानचे पंच, शंभरेक खोल्यांचे मालक आणि अब्बांचे लहानपणापासूनचे सोबती. निरंजननं त्यांच्यापर्यंत वाट काढली होती. आता नुसती नोटीस नव्हती, राजगुरुनगरच्या कोर्टात दावा लागला होता. महाज्वाला पिक्चर्स विरुद्ध श्री. भैरवनाथ महाराज. त्यांच्या वकिलाला जेव्हा एकदाचं पटलं की समोरचा इसम देव आहे, तेव्हा तो उलट खूश झाला. कायद्यानं देव ही व्यक्ती असते. तिच्या नावावर जमीन असते.

"रहिमान्या, तुजी पोरगी देवाची जमीन घालवती का न्हाई बघ," काका ओट्यावर बसता बसता म्हणाले. "रस्त्याकडची साडेतीन एकर. देव शेकडो वर्षं हितं बसलाय, त्याच्यावर कुणाची बोट उचलायची टाप न्हवती. तुमची पेटी बसली आन देव आरोपी झाला."

अब्बा गुडघ्याला तेल चोळत होते. "पेटी बसवताना नारळ तूच फोडला होतास, कोंड्या."

"मला काय ठावं ह्यो पेटीतनं सिनेमे बघतो म्हनून!" काका सिदराकडं वळले. "पोरी, सरळ इशय हाय. भाडेकरूंची नावं देऊन टाक. ती काय गावची मानसं हायत का? आज हितं, उद्या रांजणगावला. देव मातुर कायमचा हाय."

"काका, ती माझी गिऱ्हाईकं आहेत."

"आन माजी भाडेकरू न्हाईत का? मी म्हनतो, लपवायचं काय त्यात? ज्यानं पाप केलं न्हाई त्यानं कशाला भ्यायचं?"

"तुम्ही अंघोळीला दार लावता ना, काका?"

"लावतो."

"आत काय पाप करता?"

अब्बा तेलाच्या बाटलीकडं बघून हसले. काका हसले नाहीत. ते उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "असं व्हय? मग देवालाच इचारू. दावा त्याच्यावर हाय. गुरवारी कौल लावू. देव व्हय म्हनला तर नावं द्यायची. मंजूर?"

"देव हो म्हणाला तरी मी देणार नाही," सिदरा म्हणाली.

हे वाक्य ओट्यावर पडलं आणि तिथंच बसून राहिलं. अब्बांचा तेलाचा हात थांबला. गावात देवाला असं आधीच सांगून ठेवलेलं कुणी नव्हतं, आणि त्यातून सांगणारी तांबोळ्यांची पोरगी.

काकांनी पायात चपला सरकवल्या. "तरी कौल लावनार," ते म्हणाले.

"लावा. मी येते."

ते गेल्यावर अब्बा म्हणाले, "जरा मऊ बोलली असतीस तर?"

"अब्बा, खिडकीत बघायचं नाही हे तुम्हीच शिकवलं."

"मी न बघायला शिकवलं. भांडायला न्हाई."

"न बघण्यासाठी भांडावं लागेल हे तुमच्या वेळेला नव्हतं."

अब्बांनी बाटलीचं बूच लावलं आणि म्हणाले, "गुरवारी मलापन ने. रिक्षा सांग."

गुरुवारी पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी. देवळासमोर जत्रेसारखी गर्दी. निरंजन कारनं आला, पांढरा शर्ट, हातात फाइल. फोनवर तो पन्नाशीचा वाटायचा. प्रत्यक्षात सिदराच्याच वयाचा निघाला. त्यानं चपला काढल्या, गाभाऱ्यात वाकून बघितलं आणि शेंदरातल्या मूर्तीला हळूच म्हणाला, "नमस्कार सर." एवढे दिवस फोन करून त्याला सवय झाली होती.

दत्तोबा गुरवांनी कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी गळली तर हो, डावी गळली तर नाही. दत्तोबांनी मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं, "देवा, तुज्यावर सिनेमाची केस झालीया. तीनशे मानसांची नावं देऊन तू सुटायचं का न्हाई, त्ये सांग."

सगळे पाकळ्यांकडं बघू लागले.

पाकळ्या हलल्या नाहीत.

अर्धा तास झाला. पोरं कंटाळून घंटा वाजवायला लागली, त्यांना बाहेर काढलं. ऊन देवळाच्या पायरीवरून वर चढलं. चहा आला. निरंजननं दोनदा घड्याळ बघितलं, दत्तोबांनी दोनदा त्याच्याकडं. "देवाला ऑफिस नस्तं," दत्तोबा म्हणाले.

वेळ जावा म्हणून कुणीतरी विचारलं, "साहेब, हाय तरी काय त्या पिक्चरमदी?"

निरंजन ऐसपैस बसला. इतके दिवस त्याला कुणी चांगल्या आवाजात काही विचारलं नव्हतं. "जनार्दन नावाचा साधा मुलगा असतो. त्याच्या गावावर व्हिलन कारखाना आणतो. मग शेवटी जनार्दन एकटाच ट्रॅक्टर हवेत उडवतो आणि…"

"ट्रॅक्टर न्हाई," कोंडीरामकाका म्हणाले. "रोड रोलर. आन लगेच उडवत न्हाई. आदी पाठीवर घेऊन आईच्या पाया पडतो, मंग उडवतो."

देवळात पेटीतल्या मशीनचा पंखा ऐकू आला.

थिएटरात सिनेमाचा शेवट बघितलेला माणूस अख्ख्या तालुक्यात नव्हता. मध्यंतरालाच सगळे बाहेर पडले होते. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग पायरीपायरीनं उतरत गेला. त्यांची टोपी मात्र होती तिथंच, सरळ, आपला काही संबंध नसल्यासारखी.

निरंजननं हळूच फाइल उघडली. "काका, तुम्हाला हे कसं…"

"मी सांगितलं त्यांना," सिदरा म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"तुम्ही? म्हणजे मॅडम, तुम्ही सिनेमा बघितलात? कुठं?"

"जे विचारायचं ते कोर्टात विचारा. कौल लागलेला असताना देवळात साक्ष घेत नाहीत. हो ना, दत्तोबा?"

असा काही नियम नव्हता. दत्तोबांनी काकांकडं बघितलं, सिदराकडं बघितलं, आणि तो नियम तिथंच तयार झाला. "आजाबात न्हाई घेत," ते म्हणाले. "वंगाळ असतं."

निरंजननं फाइलवर सिदराचं नाव लिहून घेतलं. तिनं स्पेलिंग तपासलं. 'तांबोळी'त एक चूक होती, ती दुरुस्त करून दिली.

कोंडीरामकाका खाली बघत होते. ज्या पोरीला त्यांनी आठवडाभर 'नावं सांग, नावं सांग' म्हणून भंडावलं होतं, तिला एक नाव आत्ता फुकटात मिळालं होतं. यादीची गरज नाही, मशीन उघडायची गरज नाही. नुसतं तोंड उघडलं असतं की देव सुटला असता, जमीन सुटली असती, तीनशे खोल्या सुटल्या असत्या. आणि ती वायरीच्या टोकाची टेप सोलत उभी होती. त्यांच्याकडं बघतसुद्धा नव्हती.

काकांनी मान वर केली.

"दत्तोबा, पाकळ्या काढ."

"अजून पडल्या न्हाईत."

"पडनार न्हाईत. देव दोनी बाजूंनी बोलंना, म्हंजे त्येच्या मनात तिसरं हाय." ते उभे राहिले आणि पंचाच्या आवाजात म्हणाले, "नावं द्यायची न्हाईत. एकपन न्हाई. गावचं आसू दे न्हाई तर भायेरचं. देवावर दावा हाय ना? मग देव कोर्टात जाईल. आमी घेऊन जातो. वाजवत."

निरंजनला वाटलं ही बोलायची पद्धत आहे.

तारीखही गुरुवारचीच निघाली. राजगुरुनगरच्या कोर्टासमोर सकाळी एक टेम्पो येऊन थांबला. त्यात पालखी, पालखीत भैरवनाथाचा चांदीचा मुखवटा, शेजारी दत्तोबा, अब्बा, आणि अब्बांच्या गुडघ्यांसाठी खुर्ची. मागून मोटारसायकलींवर भाडेकरू: बीडचे, लातूरचे, रत्नागिरीचे, बिहारचे. ढोलवाल्यांना कोर्टाच्या शिपायानं फाटकावर थांबायला सांगितलं. ते ऐकून ढोल थांबले. ताशा थांबला नाही, कारण ताशेवाल्याला कमी ऐकू यायचं.

दिपाली आली नव्हती. तिचं नाव कुठंच येऊ नये म्हणून तर सगळं चाललं होतं.

आत पट्टेवाल्यानं पुकारा केला, "श्री. भैरवनाथ महाराज, हाजीर हो!"

बाहेर आवारात ते ऐकू गेलं, आणि सवयीनं दोनशे गळ्यांतून उत्तर आलं, "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!"

पट्टेवाल्यानं नियमाप्रमाणं आणखी दोनदा पुकारलं. आणखी दोनदा चांगभलं झालं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. "प्रतिवादी हजर आहेत असं लिहा," त्या म्हणाल्या.

महाज्वालाच्या वकिलांनी बाजू मांडली. कायद्यानं देव व्यक्ती आहे, जोडणी त्याच्या नावावर आहे, सिनेमा त्या जोडणीवरून उतरला आहे. देवाची जबाबदारी टाळायची असेल तर वापरणाऱ्या सगळ्यांची नावं, नंबर, पत्ते मिळावेत.

"तीनशे जणांनी मिळून सिनेमा उतरवला, असं आपलं म्हणणं आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. एकानं. पण कुणी ते नावं मिळाल्यावर ठरेल."

"म्हणजे आधी माणसं गोळा करायची, मग त्यांच्यात गुन्हा वाटायचा."

वकील म्हणाले, असं थेट म्हणता येणार नाही. बाई म्हणाल्या, मग कसं म्हणता येईल ते पुढच्या तारखेला लेखी द्या. मग त्यांनी सिदराला पुढं बोलावलं. "जोडणी तुम्ही चालवता? नोंदी तुमच्याकडं राहतात?"

"हो मॅडम."

"त्या द्यायला तुमची हरकत काय?"

सिदरानं रात्रभर घोकलेलं भाषण होतं. त्यातलं तिला एक अक्षर आठवेना. तिनं पिंजऱ्याची कड धरली, पत्र्यावर पाय घसरू नये म्हणून धरतात तशी.

"मॅडम, आम्ही लोकांच्या छतावरून फिरतो. खाली खिडक्या उघड्या असतात. आम्ही बघत नाही म्हणून लोक चढू देतात. यांनी एका माणसाविरुद्ध काहीतरी दाखवावं आणि आपण त्या एकाचा हुकूम द्यावा, मी बंद पाकिटात फक्त आपल्या हातात देईन. तीनशेंची यादी यांच्या हातात देणार नाही. त्यात अशी माणसं आहेत जी सिनेमाला घाबरत नाहीत, पत्त्याला घाबरतात."

"आणि मी दिला सगळ्यांचा हुकूम, तर?"

"तर वर अपील करीन, मॅडम. आपला मान राखून."

मागं अब्बांच्या खुर्चीचा आवाज झाला. बाईंनी काहीतरी लिहिलं. लिहिताना त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता. तो त्यांच्या कामाचा भाग होता.

तोवर बाहेर वेगळंच घडत होतं. पार्किंगमध्ये पालखीतल्या देवाचे फोटो निघाले आणि 'सिनेमावाल्यांनी आमच्या देवाला कोर्टात खेचलं' असं लिहून फिरू लागले. जेवणाच्या सुट्टीआधीच निर्मात्याचा वकिलांना फोन आला. तो काय बोलला ते दारापर्यंत ऐकू येत होतं, पण इथं लिहिता येत नाही. दुपारी वकील उभे राहिले आणि म्हणाले, दावा मागं घेत आहोत, पुन्हा योग्य व्यक्तीविरुद्ध आणण्याचा हक्क राखून.

"योग्य व्यक्ती शोधताना जरा लाइट बिलापलीकडं बघा," बाई म्हणाल्या. दावा निकाली निघाला.

आवारात गुलाल उडाला. निरंजन मोटारसायकलींच्या आडून आला, पालखीपुढं वाकला आणि पुटपुटला, "सॉरी सर."

सिदरा त्या गर्दीत थांबली नाही. अब्बांना टेम्पोत बसवून ती थेट शहरातल्या इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात गेली आणि देवळातली जोडणी आपल्या नावावर करून घेतली. आडनावाचं स्पेलिंग स्वतः घातलं. संध्याकाळी पेटीवरची देवाच्या नावाची जुनी चिठ्ठी खरवडत असताना कोंडीरामकाका तिथं आले. बराच वेळ ते घंटेच्या दोरीशी चाळा करत राहिले.

"पोरी, आता पुन्यांदा केस आली तर तुज्यावर येईल."

"यायलाच हवी. पेटी माझी आहे."

"आन त्ये… तू मशीनमदी बघितलंस का? कुनी उतरवला त्यो?"

"मी कशाला बघू?"

काकांनी मान डोलावली. मग हळूच, देवाकडं पाठ करून, म्हणाले, "चांगला न्हाई तो पिच्चर. कुनी इचारलं तर सांग."

"सांगते. रोड रोलरचं सांगू का नको?"

"नगं," काका घाईघाईनं म्हणाले. "त्यो तेवडा बरा हाय."

ते गेले आणि पेटीतले दिवे एकदम भराभर लुकलुकायला लागले. सिदरा बघत राहिली. सगळ्या खोल्यांचा लोड एकाच वेळी आला होता. दिवसभर फोटो फिरले होते, फोटोखाली सिनेमाचं नाव होतं, आणि ज्या गोष्टीसाठी साक्षात देव कोर्टात गेला ती नक्की आहे तरी काय, हे बघायची आता तीनशे खोल्यांना घाई झाली होती. नुसत्या महाळुंग्याला नव्हे, तालुक्याला असावी. 'ज्वालामुखी जनार्दन'ला त्या संध्याकाळी पहिल्यांदा प्रेक्षक मिळाले.

कोण कोण ते बघायला एक बटण दाबावं लागलं असतं. सिदरानं पेटीचं झाकण लावलं, कुलूप घातलं आणि शिडी खांद्यावर घेतली.

वेशीपर्यंत पोचली असेल नसेल, फोन वाजला. नंबर चिंचवडचा.

"नमस्कार," निरंजनचा आवाज आला, नव्यानं सुरुवात केल्यासारखा. "सिदरा तांबोळी मॅडम आहेत का?"

सिदरानं शिडी खाली टेकवली, भिंतीला नीट लावली, पदराला हात पुसले.

"आहेत," ती म्हणाली. "आणि या बोलतात."